मिस्त्रींचं चाकावरचं बिऱ्हाड

कुत्र्यांना चांदबिबीचा महाल दाखवायला नेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. उस्मान मिस्त्री. बरं, नेणारा म्हणजे साखळीला धरून फिरवून आणणारा नव्हे. मोटर धापा टाकत डोंगरावर चढवायची, महालाच्या अंगाला उलटी लावायची, मागची दोन्ही दारं उघडायची आणि तीन विलायती शिकारी कुत्र्यांसह आत बिछान्यावर बसून समोरचा महाल बघायचा. बोलायचं काही नाही. स्टोवर चहा व्हायचा. तो पिऊन झाला की मिस्त्री म्हणायचे, "बघून झालं," आणि दारं ओढून घ्यायचे. कुत्र्यांचंही तेवढ्यात बघून झालेलं असायचं.

मी तेव्हा भिंगारच्या शाळेत भूगोल शिकवायचो आणि मिस्त्रींच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेऊन राहायचो. नगर जिल्ह्याचा नकाशा मला डोळे मिटून फळ्यावर काढता यायचा, पण जिल्हा पाहिला होता तो दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून दिसेल तेवढाच. पुढं जो काही पाहिला तो या कुत्र्यांच्या कृपेनं. हे मी शाळेत कुणाला सांगत नसे. मास्तराला काही इभ्रत असते.

मिस्त्री लष्कराच्या मोटरखान्यात फिटर होते. उंच, वाळलेले, पाठीत जरासे वाकलेले. पुढचे दोन दात नव्हते. लॉरीचं हँडल उलटं फिरून ते कधीकाळी पडले होते आणि तेव्हापासून मिस्त्रींना शीळ घालता येत नसे. खिशात तेलाची छोटी बुधली असायची. करकरणारं दार त्यांना सोसवत नसे. कुणाकडे बसायला गेले तरी आधी बिजागरीला तेल घालत, मग बसत. माझ्या खोलीचं दार, मशिदीचं फाटक, समोरच्या वाण्याच्या दुकानाची फळी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. वाणी म्हणायचा, "मिस्त्री, चोराची सोय केलीत." मिस्त्री हसायचे नाहीत. मी त्यांना ओळखू लागलो तोवर त्यांचं हसणं थांबलेलं होतं. आधी हसायचे म्हणतात.

कुत्री त्यांची नव्हती. याकूबची होती, खरं म्हणजे त्याचीही नव्हती. याकूब हा मिस्त्रींचा एकुलता एक मुलगा. छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाकडे तो कुत्री सांभाळायला होता. दर रविवारी साहेब कुत्री मोटरीत घालून माळावर ससे धरायला जायचा आणि याकूब मागं त्यांच्यात बसायचा. पुढं तो बापाच्या हाताखाली मोटर शिकला आणि लढाईत लॉरीवर ड्रायव्हर म्हणून ब्रह्मदेशाकडे गेला. जाताना बापाला सांगून गेला, की साहेबाची बदली झाली तर कुत्री कुणाला देऊ नका, मी येईस्तोवर तुम्ही सांभाळा. जणू साहेब यालाच विचारून काय ते करणार होता.

मग तार आली. याकूब बेपत्ता. हा शब्द मोठा हरामखोर आहे. मेला म्हटलं की माणूस रडून तरी घेतो. बेपत्ता म्हटलं की रडायचं की वाट बघायची, काहीच ठरत नाही. मिस्त्रींनी दोन्ही केलं नाही. ते कामावर गेले.

काही महिन्यांनी साहेबाची खरोखरच बदली झाली. परत विलायतेला जाणारे साहेब लोक कुत्र्यांना गोळी घालून जात, ही तेव्हा छावणीत सर्रास ऐकू येणारी गोष्ट. मिस्त्री दोरी घेऊन बंगल्यावर गेले आणि तिन्ही कुत्री घेऊन घरी आले. मेजर, बिजली आणि गुलाब. मेजर हा नर, करड्या रंगाचा, याकूबच्या हातावर दूध पिऊन वाढलेला. बाकी दोघी माद्या. छावणीच्या रस्त्यावर मिस्त्री ओरडायचे, "मेजर, गुमान चल," आणि जाणारायेणारा एखादा खराखुरा मेजर दचकून वळून बघायचा.

अमिनाचाची, म्हणजे मिस्त्रींची बायको, उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली की ही घरात येणार नाहीत. यात राग नव्हता. कुत्र्याची लाळ लागलेल्या कपड्यांनी नमाज होत नाही आणि चाचीचं घर पाच वेळच्या नमाजाचं घर. मिस्त्रींनाही हे मान्यच होतं. ते बरं म्हणाले, आतून वळकटी आणली आणि ओट्यावर कुत्र्यांजवळ झोपले. त्या रात्री झोपले ते झोपलेच. उन्हाळा तसा निघाला. थंडीत मिस्त्री खोकायला लागले आणि कुत्री कुडकुडायला लागली, कारण त्या जातीच्या अंगावर ना चरबी ना केस. तोवर लढाई संपलेली होती, लष्कराच्या जुन्या गाड्यांचे लिलाव निघाले आणि मिस्त्री जखमी सैनिक वाहून नेणारी एक मोटर घेऊन आले. घराच्या दारात, लिंबाखाली, ती उभी केली आणि तिच्यात राहायला गेले.

स्वतःच्या घरासमोर बिऱ्हाड केलेला माणूसही मी तो एकच पाहिला.

मोटरीवर हिरवा रंग फासलेला होता, पण खालचा तांबडा क्रूस ऊन पडलं की दिसायचाच. आत दोन्ही अंगांना जखमींना निजवायला खालीवर असे माणसाच्या लांबीचे पट्टे होते. एका खालच्या पट्ट्यावर मिस्त्री झोपत, समोरच्यावर गोधडी घालून कुत्री. पाण्याचं पिंप, स्टो, कंदील, खिळ्याला अडकवलेला आरसा, साहेबाच्या बंगल्यातून आलेले कुत्र्यांच्या गळ्यातले चामडी पट्टे. मिस्त्रींच्या डोक्यावरचा पट्टा मात्र मोकळा असायचा. त्यावर चादर, उशी, घडी केलेलं ब्लँकेट, सगळं जागच्या जागी. एकदा प्रवरासंगमाला मुक्काम पडला तेव्हा मी साळसूदपणे वर चढायला गेलो. मिस्त्री म्हणाले, "तिथं नको, मास्तर." मी खाली सतरंजीवर मेजरच्या पायांचा मार खात झोपलो. मागच्या दाराचं एक फळकट मिस्त्री रात्री उघडं ठेवायचे, थंडीतसुद्धा. वारा यायला म्हणून असेल असं मला सुरुवातीला वाटायचं.

चाची रोज कुत्र्यांसाठी बाजरीच्या जाड भाकऱ्या थापायची. हाडांचं पाणी, भाकरीचा काला, वेगळ्या पातेल्यात घालून ते पातेलं उंबऱ्याबाहेर ठेवायची. शेजारी मिस्त्रींचं ताट. मिस्त्री दोन्ही उचलून न्यायचे, घासून परत ठेवायचे. थंडी पडली तेव्हा तिनं लष्करी कांबळ्याच्या तीन झुली शिवून त्याच उंबऱ्यावर ठेवल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची कड. कुत्र्यांची मापं तिनं कधी घेतली कोण जाणे. झुली बरोबर बसल्या. शुक्रवारी मिस्त्री मागच्या अंगणात अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून मशिदीत जात आणि येऊन घरात जेवायला बसत. आलेल्या व्याह्यासारखे अवघडून बसत. जेवून उठले की घराच्या दाराला तेल घालत आणि मोटरीत परत जात. दोघांत भांडण नव्हतं. असतं तर चार लोकांनी मध्ये पडून मिटवलं असतं.

रविवारी मात्र कुत्री ऐकत नसत. साहेबाच्या वेळची सवय. सकाळी मोटरीशी उभी राहत आणि पातेल्याला तोंड लावत नसत. म्हणून मिस्त्रींनी सहली सुरू केल्या. पेट्रोल रेशनवर, तेव्हा त्यांनी मोटरीच्या बगलेला कोळशाच्या गॅसची भट्टी बसवली होती. ती पेटायला सकाळ जायची. लिंबाखालून जो काळा धूर निघायचा त्यात आळीची वाळत घातलेली धुणी न्हायची आणि बायका मिस्त्रींच्या नावानं बोटं मोडायच्या. चढ आला की मला उतरून चालावं लागे. कुत्र्यांना नाही.

ससे धरणं मिस्त्रींना नको होतं, म्हणून कुत्र्यांना प्रेक्षणीय स्थळं दाखवायची. फराहबाग, डोंगरगणची दरी, निघोजचे रांजणखळगे, भंडारदऱ्याचं धरण. दारं मागं असल्यामुळं मिस्त्री प्रत्येक स्थळाकडे पाठ करूनच जात. मी शेजारी बसून दगड कोणता, पाणी कुठून येतं हे सांगू लागायचो. मिस्त्री ऐकून घ्यायचे. ती कुत्री बसत नाहीत, उभी राहतात नाहीतर आडवी होतात. तिन्ही आडवी होऊन, लांब तोंडं पुढच्या पायांवर टाकून, बाहेर बघत राहायची. मिस्त्रींचे डोळेही तसेच असायचे. समोर जे असेल ते त्यात दिसायचं आणि निघून जायचं. मला त्या सहलींत मजा यायची असं म्हणवत नाही. पण रविवार चुकला की आठवडाभर चुकल्यासारखं व्हायचं.

एकदा मिरजगावच्या बाजूला माळावर थांबलो होतो. मिस्त्री कुत्र्यांना पाणी दाखवायला खाली उतरले आणि दोरीची कडी सुटली. समोरून ससा उठला. ती कुत्री पळताना मी पहिल्यांदा पाहिली. एरवी दिवसभर पडून असणाऱ्या त्या हाडांच्या काड्या, बघता बघता तीन ठिपके झाल्या आणि मग ठिपकेही दिसेनात. मी घसा फोडून हाका मारू लागलो. मिस्त्रींनी माझा हात धरला. म्हणाले, "हाक मारली की लांब जात्यात, मास्तर. दार उघडं ठिवायचं. त्यांना मोटर म्हाईत हाय."

दोन्ही दारं उघडून आम्ही बसलो. ऊन कललं. मिस्त्री ना रस्त्याकडे बघत ना माळाकडे. मांडीवर हात ठेवून नुसते बसलेले. मलाच राहवत नव्हतं. शेवटी बिजली आली, मग गुलाब, आणि सगळ्यांच्या शेवटी एका पायानं लंगडत मेजर. मिस्त्रींनी त्याचा तळवा धुतला, फडकं बांधलं आणि भट्टी पेटवायला गेले. आनंद झाल्याचं तोंडावर काही नव्हतं. येणार होतीच, आली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही करंजी घाटाच्या पायथ्याला कोळसा भरायला थांबलो. पाथर्डीकडून उसाच्या तोडीला निघालेल्या गाड्या तिथं बैल सोडून विसावल्या होत्या. गाडीत भांडी, कोंबड्या, लेकरं, चुलीचे दगडसुद्धा. एक म्हातारी मोटरीशी आली, आत डोकावली, स्टो आणि बिछाना बघून म्हणाली की तुमचं बी बिऱ्हाड चाकावरच दिसतंय. मग तिची नजर कुत्र्यांवर गेली. तिनं त्यांच्या बरगड्या पाहिल्या, पाठीचे मणके पाहिले आणि तिचा चेहरा बदलला.

"जनावर पाळायचं तर पोटाला घालावं, दादा," ती म्हणाली.

मी समजावू लागलो, की आजी, ही जातच अशी असते, विलायती आहे, हाडकुळीच शोभते. आजीनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. तिनं गाडीतून स्वतःची भाकरी आणली. पुढच्या गावापर्यंतची तिची तेवढीच असावी. मिस्त्री नाही म्हणाले नाहीत. भाकरी घेतली, मोडली आणि कुत्र्यांपुढं धरली. सकाळीच पातेलंभर काला चापलेली ती लबाड कुत्री पुन्हा अशी खायला लागली, की आजीची खात्रीच पटली. गाड्यांवरच्या आणखी दोघी आल्या. भाकरीचा ढीग झाला. एकीनं हात जोडले. ती म्हणाली, ही तर दत्ताची कुत्री. दत्ताच्या तसबिरीत पायाशी असतात तशीच, वाळलेली. मोटर कुणाची, माणूस कोण, हे काही तिनं विचारलं नाही.

म्हातारीनं बोटानं मोजलं. "पर ही तीनच. दत्तापाशी तर चार असत्यात. चौथं कुठंय?"

मिस्त्री भाकरी मोडत होते. मान वर न करता ते म्हणाले, "येतंय मागनं."

म्हातारीनं रस्त्याकडे बघितलं आणि बरं म्हणाली. मीही बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. तेव्हा मला दाराचं ते उघडं फळकट आणि वरचा मोकळा पट्टा कळला. घाट चढताना मी मोटरीतून उतरलो, तो कुणी न सांगताच.

पुढं जिथं जाऊ तिथं हा प्रश्न यायचा. कुत्री तीन म्हटली की आपल्याकडच्या माणसाला चौथं आठवतंच. देवळाशी, चहाच्या टपरीवर, नदीच्या उतारावर. मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं असायचं.

मग शेवगावकडचा एक जण आला. याकूबच्या तुकडीतला, लष्करातून सुटून घरी चाललेला. पत्ता विचारत भिंगारला उतरला. मिस्त्रींनी त्याला मोटरीत बसवलं, मीही होतो. त्यानं सांगितलं, की पावसाचे दिवस होते, नदीवर लाकडी पूल होता, याकूबची लॉरी त्याच्या पुढं होती. पूल खचला. लॉरी पाण्यात गेली, त्याच्या डोळ्यांदेखत. वर कुणी आलं नाही.

मिस्त्रींनी विचारलं, "ब्रेक कुणी बघितले हुते?"

तो गोंधळला. म्हणाला, ब्रेकचा काय संबंध, पूलच गेला. मिस्त्रींनी मग लॉरी कुठल्या बनावटीची, माल किती भरलेला, उतार किती, गिअर कोणता असेल, हे सगळं विचारून घेतलं. तो बिचारा आठवून आठवून सांगत होता. सगळं ऐकून झाल्यावर मिस्त्री म्हणाले, "त्याला पवता येत हुतं," आणि उठून मेजरचा पट्टा सैल करायला लागले. घरातून चहा आला. चाची दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पाहुण्याच्या कपात साखर होती, आमच्यात गूळ.

ती रडल्याचं मी ऐकलं नाही. माझ्या आणि त्यांच्या खोलीत एक भिंत होती, ऐकू आलं असतं. चाचीनं याकूबच्या नावानं चाळिसाव्याचा फातिहा केला. नातेवाईक आले, आळीतले हिंदू-मुसलमान येऊन टेकून गेले. मिस्त्री मोटरीतून उतरले नाहीत. एका मौलवींनी जाऊन बोलून पाहिलं. मिस्त्रींनी त्यांना बसायला जागा दिली, बिजलीला बाजूला सारलं आणि सांगितलं की जेवण घरात आहे. आता गंमत बघा. घरात मुलगा गेला होता आणि दारातल्या मोटरीत तो यायचा होता. मधे एक लिंब. मी त्या लिंबाखालून रोज शाळेत जायचो.

देशाची फाळणी झाली त्या वर्षी चाचीचा भाऊ कराचीला निघाला. बहिणीला न्यायला आला. ओट्यावर बसून बराच वेळ समजावत होता. मिस्त्री मोटरीशी उभे राहून बुधलीतलं तेल उगाच हलवत होते. मला वाटलं चाची जाईल. इथं तिला काय उरलं होतं? भावाचं बोलून झाल्यावर चाची एवढंच म्हणाली, की आम्ही इथून हललो तर घर विचारत येणारानं कुणाला विचारायचं? भावाला वाटलं ती पाहुण्यारावळ्यांबद्दल बोलतेय. मिस्त्रींनी बुधली खिशात घातली आणि भट्टीकडे गेले. फातिहा करणारी बाईसुद्धा दार उघडं ठेवून होती, हे मला त्या दिवशी समजलं. त्यांनी ते एकमेकांना कधी सांगितलं असेल असं वाटत नाही.

त्यानंतर कुत्री जायला लागली. मोठ्या कुत्र्यांना आयुष्य थोडंच. आधी बिजली गेली. पावसाळ्यात तिचं अन्न तुटलं आणि तिनं मोटरीतच जीव सोडला. वर्षाच्या आत गुलाब. मिस्त्रींनी दोघींना लिंबामागं पुरलं. दोन्ही वेळा चाची आतून झूल घेऊन आली आणि उंबऱ्यावर ठेवली, त्यातच गुंडाळायला. गुलाबच्या वेळी मिस्त्री माती लोटून झाल्यावर खोऱ्याला टेकून तसेच उभे राहिले. मी जवळ गेलो. म्हणाले, "काय वाटंना झालंय, मास्तर. कवाधरनं."

मलाही काही वाटत नव्हतं. शेजाऱ्याचा खोकला लागतो तसा हा बधिरपणाही लागत असावा. मी म्हटलं, चहा करतो.

मेजर राहिला. त्याला आता पायरी चढवत नसे, मिस्त्री त्याला उचलून आत घेत. रविवारी तो उठतही नसे. तरी भट्टी पेटायची आणि आम्ही कुठंतरी जाऊन यायचो, जवळच, डोंगरगणपर्यंत.

आणि मग दिवाळीनंतर माझी बदली पाथर्डीला झाली. मी एकटा जीव. ट्रंक, वळकटी आणि पुस्तकांचं एक खोकं. एसटी तेव्हा नुकतीच निघाली होती, मी तिनं जाणार होतो. मिस्त्री म्हणाले, मोटर असताना एसटी कशाला. सकाळी मी ट्रंक घेऊन बाहेर आलो तर चाची घराला कुलूप लावत होती. धुवट साडी, डोक्यावरून पदर, हातात फडक्यात बांधलेला स्वयंपाक. मला म्हणाली, नव्या गावी तुमचं बिऱ्हाड कोण लावून देणार? ती मोटरीत आजवर चढली नव्हती. मिस्त्रींनी कोळसा टाकता टाकता वळून पाहिलं आणि पुन्हा कोळसा टाकू लागले.

ती आत चढली. एकदा सगळीकडे बघितलं. पिंप, आरसा, समोरच्या पट्ट्यावर पडलेला मेजर. खाली जागा नव्हती, माझी ट्रंक दारातच अडकली होती. चाचीनं ती ओढून घेतली आणि वरच्या पट्ट्यावर सरकवली. उशी बाजूला केली, वळकटीही वर टाकली. मी मिस्त्रींकडे बघितलं. त्यांनी दारं लावली आणि पुढं जाऊन बसले.

करंजी घाटाच्या पायथ्याला कोळसा भरायला थांबलो. मोसम तोच, गाड्याही तशाच बैल सोडून उभ्या होत्या. दोन-तीन वर्षांत माणसं बदललेली असतील असं मला वाटलं होतं. पण मिस्त्रींनी मागची दारं उघडली तोच ती म्हातारी काठी टेकत आली. आता आणखी वाकली होती. मोटर तिनं बरोबर ओळखली. आत बघितलं, मेजरला बघितलं. मेजरनं शेपूट जरा हलवलं.

"दादा, बाकीची कुठं हायती? चार हुती न्हवं तुमची?"

चाची पट्ट्याच्या कडेला बसली होती. मिस्त्री खाली उभे होते, हातात कोळशाची पाटी. ते चाचीकडे बघत राहिले. मग म्हातारीला म्हणाले, "तीन गेली, मावशी. ह्ये एवढं ऱ्हायलं."

मी मनात मोजलं. बिजली गेली होती. गुलाब गेली होती.

चाचीनं नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी तिला त्यांच्याकडे असं सरळ बघताना पाहिलं नव्हतं. म्हातारी परत गेली आणि भाकरी घेऊन आली. पूर्वीसारखीच, मोठी, जाड. मिस्त्रींचे हात कोळशानं काळे झाले होते, म्हणून तिनं ती चाचीपुढं धरली. चाचीनं घेतली. तुकडा मोडला, तोंडात चावून मऊ केला, कारण मेजरला दात राहिले नव्हते, आणि हातानं त्याला भरवला. मेजर तिची बोटं चाटत राहिला. पाण्याचं पिंप तिच्या कोपराशी होतं. तिकडं न वळता ती दुसरा तुकडा मोडून चावायला लागली.

मी उतरून घाट पायी चढायला लागलो. डोळ्यांत पाणी आलं होतं. बऱ्याच वर्षांनी आलं, म्हणून मला त्याचंच नवल वाटत होतं.

पाथर्डीला पोचेस्तोवर दिवस मावळला. शाळेमागची खोली मिळाली होती. चाचीनं झाडली, चूल मांडून दिली, डबे लावले. मी म्हटलं तुम्ही दोघं इथं निजा, मी शाळेत जातो. नको म्हणाली. मिस्त्रींनी मोटर शाळेसमोरच्या माळाला उलटी लावली. समोर बघण्यासारखं काही नव्हतं. दोन बाभळी आणि नांगरून पडलेलं रान. मेजरला घेऊन दोघं आत बसलेली मी खोलीतून पाहिली आणि कंदील मालवला.

सकाळची शाळा होती. पहिला दिवस, उशीर करून चालणार नव्हतं. मी लवकर उठून चहा केला आणि दोन कप घेऊन मोटरीकडे गेलो. थंडी मरणाची होती. मोटरीची मागची दोन्ही दारं आतून लावलेली होती, ते उघडं राहणारं फळकटसुद्धा. मी ठोठावायला हात उचलला आणि खाली घेतला. कप पायरीवर ठेवले, वर बशा झाकल्या आणि शाळेत गेलो. मधल्या सुट्टीत येऊन पाहिलं तेव्हा माळावर चाकांच्या खुणा होत्या आणि धुतलेले कप माझ्या उंबऱ्यावर पालथे घातलेले होते. दाराला हात लावला तर ते आवाज न करता उघडलं.